चैत्र-वैशाखातील मोकळे गाणे : आमच्या पंचक्रोशीतील जत्रांच्या तमाशाचा इतिहास

उन्हाळ्याच्या संध्याकाळी उघड्या जागी बसून, एक पैही न देता गाणेबजावणे ऐकावे, हे सुख शहरांनी जगास दिले असा पुष्कळ सुशिक्षितांचा समज आहे. या समजास काही आधारही आहे. न्यूयॉर्क शहरी एल्कन नाऊम्बर्ग नावाच्या पेढीवाल्या गृहस्थाने १९०५ साली सेंट्रल पार्क या विस्तीर्ण बागेत सर्वांस मोफत वाद्यवृंद ऐकविण्याचा प्रघात पाडला, व तो अद्याप चालू आहे. शिकागो शहरात १९३५ साली ग्रँट पार्कमध्ये असेच जलसे सुरू झाले. त्यांचे प्रवर्तक जेम्स पेट्रिलो हे तेथील वादकांच्या संघाचे अध्यक्ष होते. बोलपट आल्यामुळे नाट्यगृहांतील वादक बेकार झाले होते, आणि वर मंदीचा काळ होता. तेव्हा लोकांस गाणे मिळावे व वादकांस भाकरी मिळावी, असा दुहेरी हेतू त्यांनी धरला. ही दुसरी गोष्ट वाचकांनी ध्यानी ठेवावी. तिचे प्रयोजन पुढे येईल.

मुंबईतही इंग्रजी अमदानीत बागांतून व समुद्रकाठी चौथरे बांधून त्यांवर बँडपथके संध्याकाळी वाजत असत. कूपरेजच्या बागेतील चौथरा आजही उभा आहे, आणि वांद्र्याच्या समुद्रकाठच्या रस्त्यास तर ‘बँडस्टँड’ हेच नाव कायमचे चिकटले. मुंबईच्या बँडपथकांत आणि पुढे तेथील चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोव्याच्या कॅथलिक वादकांचा भरणा मोठा होता. गोव्यातील चर्चच्या शाळांतून मुलांस अक्षरओळखीबरोबर स्वरलिपी व व्हायोलिन शिकवीत. ती विद्या पदरी बांधून ही मुले मुंबईस आली व त्यांनी त्या अफाट शहरास रिझविले. आमच्या वाचकांस ही गोष्ट अभिमानाची वाटेल, व वाटावीही.

तथापि मोकळ्या गाण्याचे सुख शोधण्यास आम्हांस इतके दूर जाण्याचे कारण नाही. पारगाव या नावाची गावे आमच्या जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत आहेत, आणि कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या खोऱ्यांत गुढीपाडव्यापासून वैशाखी पौर्णिमेपर्यंत एकामागून एक गावांच्या जत्रा भरतात. या जत्रांच्या रात्री होणारा तमाशा हेच आमच्या मुलखाचे मोफत व मोकळे संगीत होय. त्यास दरवाजा नाही, म्हणून दरवाजावर तिकीट नाही. वर आकाश, खाली गावठाणाची माती, आणि समोर ढोलकी. जमीनदार आणि मजूर, म्हातारी आणि कडेवरचे मूल, गावचा आणि परगावचा, सर्वांस तेच गाणे त्याच दरात, म्हणजे फुकट.

हे गाणे उन्हाळ्यातच का, असा प्रश्न कोणी केला तर त्याचे उत्तर शेतीत आहे. रब्बीची ज्वारी, गहू, हरभरा खळ्यावरून घरात येतो. शेतकऱ्याच्या हाती चार पैसे खुळखुळतात. मृगाचा पाऊस अद्याप दूर असतो, वाटा कोरड्या असतात, आणि दिवसभरच्या उन्हाने तापलेल्या घरात निजण्यापेक्षा चांदण्यात जागणेच बरे वाटते. मुंबईस हमालीसाठी, गिरणीसाठी, भाजीपाल्याच्या व्यापारासाठी गेलेली आमच्या तालुक्यांतील माणसे ग्रामदैवताच्या जत्रेस आवर्जून गावी येतात. सकाळी मांडवडहाळ्यांची मिरवणूक, दुपारी बैलगाड्यांचा घाट, शेरणी, रात्री देवाचा छबिना, त्यानंतर तमाशा, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फडाची ‘हजेरी’ आणि दुपारी कुस्त्यांचा आखाडा, असा हा क्रम अनेक गावांनी पिढ्यान्‌पिढ्या राखिला आहे. ज्यांचा देव निराळा व उपासना निराळी अशी आमच्यासारखी कुटुंबेही गाण्यास येऊन बसतात, आणि त्यांना कोणी ‘तुम्ही कोण’ म्हणून पुसत नाही.

तमाशाचा इतिहास पाहता त्याचा बहराचा काळ उत्तर पेशवाईचा होय. राम जोशी, होनाजी बाळा, प्रभाकर, परशराम, सगनभाऊ ही शाहीर मंडळी त्या काळची. आमच्या शेजारच्या संगमनेरचे अनंत फंदी (१७४४–१८१९) हेही त्यांपैकीच. अहिल्याबाई होळकरांच्या उपदेशाने ते तमाशा सोडून कीर्तनाकडे वळले अशी आख्यायिका आहे. पेशवाई बुडाली, आश्रयदाते गेले, आणि ही कला वाड्यांच्या दिवाणखान्यांतून बाहेर पडून गावोगावच्या जत्रांवर जगू लागली. सरदाराच्या जागी गाव हाच तिचा यजमान झाला. गण, गवळण, बतावणी, लावणी व शेवटी वग असा तिचा डौल ठरून गेला. ढोलकी, हलगी, तुणतुणे, झांज व कडे एवढ्याच सामग्रीवर, ध्वनिक्षेपक नसताना, टेंभ्यांच्या व पुढे गॅसबत्तीच्या उजेडात हजारो माणसांपर्यंत शब्द पोहोचवावयाचा, म्हणून गाणारा उंच पट्टीत गाई आणि मागचे सुरते झील धरून तो सूर तोलून धरीत. या संगीताचा चढा स्वर हा उघड्या माळाचा गुण आहे. बंद खोलीत बसून त्याची परीक्षा करणे हा अन्याय होय.

हे सर्व वर्णन गोड आहे, परंतु इतिहास लिहावयाचा तर कडू भागही सांगितला पाहिजे. जे गाणे सर्वांस मोकळे होते ते गाणारे मात्र मोकळे नव्हते. तमाशातील कलावंत बहुतकरून महार, मांग, कोल्हाटी अशा जातींतून येत. रात्री ज्यांच्या गाण्यावर गाव डोलले, त्यांनाच सकाळी गावच्या पाणवठ्यावर घागर बुडविण्याची मनाई असे. कला सर्वांची आणि कलावंत कोणाचाच नाही, अशी ही विपरीत रीत.

या रीतीस धक्का देणारे एक जोडपे प्रसिद्ध आहे. आज सांगली जिल्ह्यात असलेल्या रेठरे हरणाक्ष येथील श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी (१८६६–१९४५) या ब्राह्मण गृहस्थांनी घरदार व कुलकर्णीपण सोडून तमाशात पाय ठेवला, आणि ते पठ्ठे बापूराव या नावाने गाजले. त्यांच्या फडातील पवळा ही संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा गावची, महार समाजातील. तोवर तमाशात स्त्रीचे काम बहुधा नाच्या पोऱ्याच करी. व्यासपीठावर येऊन कीर्ती मिळविणाऱ्या पहिल्या स्त्रियांत पवळेची गणना होते. या दोघांनी महाराष्ट्र वेडा केला. परंतु एक प्रसंग सांगितला जातो तो विचार करण्याजोगा आहे. बापूरावांनी आपल्या खेळांचे उत्पन्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीस देऊ केले, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी ते नाकारिले. आमच्या समाजाच्या स्त्रिया नाचवून मिळालेला पैसा नको, हा त्या नकाराचा आशय होता. ज्या लोकांनी त्या नाचास टाळ्या दिल्या त्यांच्यावरही हा नकार बसतो, हे आम्ही विसरू नये. बापूराव पुढे १९४५ साली पुण्यात हलाखीत निवर्तले.

स्वातंत्र्यानंतर थोड्याच काळात, बाळ गंगाधर खेर हे मुंबई इलाख्याचे मुख्यमंत्री असताना, अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आली. पुढे महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती नेमली गेली, आणि संहितांची आधी तपासणी व्हावी अशा अटींवर फड पुन्हा उभे राहिले. अश्लीलता नव्हती असे आम्ही म्हणत नाही. धर्मगुरूने तसे म्हटल्यास कोणी विश्वासही ठेवणार नाही. परंतु पाटावर रुपया ठेवून दौलतजादा करणारा, शिट्टी घालणारा व अमुकच गाणे पाहिजे म्हणून हट्ट धरणारा प्रेक्षक असतो. बंदी गाणाऱ्यावर आली. फर्माईश करणाऱ्यावर आली नाही. अपराध दोघांचा आणि दंड एकास, हा न्याय फार जुना आहे.

आता आमच्या अगदी उंबरठ्यावरची हकीकत सांगतो. शिरूर तालुक्यातील कवठे यमाई येथील नारायण खुडे यांनी एक फड काढला. त्यांचे पुत्र भाऊ व बापू यांनी तो ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ या नावाने चालविला. भाऊंची कन्या विठाबाई १९३५ साली पंढरपुरात जन्मली. बालपणापासून ती फडात वाढली, आणि नारायणगावचे नाव तिने देशभर नेले. १९५७ व १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते तिचा सन्मान झाला. तिची एक गोष्ट सर्वतोमुखी आहे. दिवस भरलेले असताना ती खेळ करीत होती. खेळ चालू असतानाच कळा सुरू झाल्या. ती आत गेली, प्रसूत झाली, दगडाने नाळ तोडली आणि लोक वाट पाहत होते म्हणून पुन्हा नाचावयास उभी राहिली. ही गोष्ट लोक तिच्या धैर्याची म्हणून सांगतात, व ते धैर्य होतेच. परंतु आम्हांस त्यात दुसराही प्रश्न ऐकू येतो. त्या बाईस ‘आज खेळ पुरे, घरी जा’ असे सांगण्याची सोय कोणाकडेच का नव्हती? सुपारी घेतली होती, गाव जमले होते, आणि फडातल्या साऱ्या माणसांची चूल त्या एका रात्रीवर होती. २००२ सालच्या १५ जानेवारीस विठाबाई वारल्या तेव्हा रुग्णालयाचे देणे देणगीदारांच्या मदतीने फिटले. पुढे महाराष्ट्र सरकारने त्यांच्या नावे तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. त्यांच्या कन्या मंगला बनसोडे यांनी तमाशाची ही परंपरा पुढे चालविली.

येथे ‘फुकट’ या शब्दाचा विचार करणे प्राप्त आहे. जत्रेचे गाणे ऐकणाऱ्यास फुकट असते. त्याची किंमत मात्र कोणीतरी देतेच. नारायणगाव यास तमाशाची पंढरी म्हणतात त्याचे कारण तेथील राहुट्या होत. दरवर्षी पाडव्याच्या आधीपासून तेथे निरनिराळ्या फडांच्या राहुट्या लागतात. प्रत्येकीवर फडाच्या नावाचा फलक, आत फडाचा व्यवस्थापक व हिशेबाची वही. गावोगावचे जत्रा कमिटीचे पंच तेथे येतात. तिथी सांगतात, भाव होतो, घासाघीस होते, आणि विसार दिला म्हणजे सुपारी ठरली. पाडव्याच्या सुमारास या व्यवहारास मोठी भरती येते. हा पैसा पंच गावात घरटी वर्गणी काढून उभा करतात. म्हणजे ज्यास देणे शक्य आहे तो देतो, ज्यास शक्य नाही तो तरीही ऐकतो. एल्कन नाऊम्बर्ग यांनी न्यूयॉर्कमध्ये एकट्याच्या थैलीतून जे केले, ते आमची लहान लहान गावे सर्वांच्या थैलीतून वर्षानुवर्षे करीत आली आहेत. यात आम्हांस आमच्या मुलखाचा खरा मोठेपणा दिसतो.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही त्याच वहीत लिहिलेली असते. तमाशाचा हंगाम दसऱ्यास सुरू होतो व वैशाखी पौर्णिमेच्या सुमारास संपतो. हंगामापूर्वी कलावंत फडमालकाकडून ‘उचल’ घेतात. पावसाळ्याचे महिने त्यावर निघतात. मालक ती रक्कम सावकाराकडून व्याजाने आणतो. मग कलावंत उचलीने मालकाशी बांधलेला, मालक व्याजाने सावकाराशी बांधलेला, आणि ही सर्व साखळी चैत्र-वैशाखातील जत्रांच्या सुपाऱ्यांवर टांगलेली. या दोन महिन्यांत पडलेली एक रात्रही भारी पडते. शिकागोच्या जलशांत श्रोत्यांच्या सुखाबरोबर वादकांच्या भाकरीचाही विचार प्रारंभापासून झाला होता; आमच्याकडे तो विचार उचलीवर सोडून दिला गेला.

ही साखळी किती नाजूक आहे ते २०२० साली दिसले. त्या वर्षी गुढीपाडवा २५ मार्चला आला, आणि महामारीमुळे देशभर टाळेबंदी लागली तीही नेमकी त्याच दिवशी. राहुट्या ओस पडल्या. ठरलेल्या सुपाऱ्या मोडल्या. पुढच्या वर्षी पाडवा १३ एप्रिलला होता, आणि दुसऱ्याच दिवसापासून राज्यात पुन्हा कडक निर्बंध लागले. सलग दोन उन्हाळे आमच्या खोऱ्यांत ढोलकी वाजली नाही. कोणी मजुरीस गेले, कोणी भाजी विकली, कोणी वाद्ये विकली. २०२२ च्या पाडव्यास, २ एप्रिल रोजी, निर्बंध उठले तेव्हा जत्रा पुन्हा भरल्या. पण मधल्या दोन वर्षांचे व्याज थांबले नव्हते.

महामारीपूर्वीच या कलेस दुसरी ओहोटी लागली होती. सन २००० च्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकास मनाई केली; ठराविक दिवसांपुरती मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य सरकारांस आहे. आजाऱ्यांस व विद्यार्थ्यांस निवांतपणा हवा, हे खरेच आहे. परंतु जो वग पूर्वी पहाटेपर्यंत रंगे तो दोन तासांत आटपावा लागतो. मग कथा गळते आणि चित्रपटातील गाण्यांवरचा नाच तेवढा उरतो. शिवाय डिंभे, येडगाव, माणिकडोह, वडज या धरणांचे पाणी शिवारात आले. ऊस, टोमॅटो, कांदा वर्षभर सुरू झाला. पारगावजवळ भीमाशंकर सहकारी साखर कारखाना उभा राहिला. सुबत्ता आली हे उत्तमच झाले, पण चैत्रातील ती जुनी फुरसत आटली. घरोघरी पडदा आणि हाती यंत्र आले. आता काही गावे फडाऐवजी एकदोन नर्तकींचा कार्यक्रम किंवा नुसते कर्णकर्कश ध्वनिवर्धकच आणतात. त्यात खर्च होतो, गर्दीही होते. मात्र सोंगाड्या जाता जाता गावच्या सावकाराची व पुढाऱ्याची जी थट्टा करी, आणि ती थट्टा खुद्द त्यांच्यासमोर, सर्व गावाच्या साक्षीने होई, ते काम त्या पेट्यांच्याने होत नाही.

मग आम्ही काय करावे, असे कोणी विचारील. आमच्यापैकी पुष्कळांचे आजे-पणजे ज्या वाड्यांतून आले त्याच वाड्यांतून हे गाणारेही आले. म्हणून या प्रश्नास आम्ही परके नाही. आमच्या धर्मग्रामांत या कलेविषयी पूर्वी व्यासपीठावरून पुष्कळ कडक शब्द उच्चारले गेले, आणि त्यांतील काहींना कारणही होते. तथापि कडक शब्दांच्या जोडीला चार साध्या गोष्टी आता करता येण्याजोग्या आहेत. जत्रेची वर्गणी मागण्यास पंच आले म्हणजे ती देताना ‘कलावंतांस ठरल्याप्रमाणे रोख मिळणार ना’ एवढे विचारावे. फड गावात उतरला म्हणजे बायामाणसांस निजावयास भिंतींची, दाराची जागा, स्नानास पाणी व आडोसा, आणि लेकरांस दूध मिळेल असे पाहावे. या गोष्टी सुपारीत लिहिलेल्या नसतात. खेळात कोणी मर्यादा सोडून ओरडला तर शेजारच्याने त्यास गप्प बसवावे. तो अधिकार फडाला नसतो, गावालाच असतो. आणि फडातील मुलांची शाळा हंगामाबरोबर बुडते, तेव्हा त्यांस कोठे ठेवता येईल याचा विचार आमच्या शाळा व वसतिगृहे चालविणाऱ्यांनी करावा.

हा अंक ज्युबिलीचा आहे, म्हणून त्या शब्दाविषयी दोन अक्षरे लिहून लेखणी थांबवितो. जुन्या करारातील लेवीय पुस्तकात पन्नासाव्या वर्षाचा जो विधी सांगितला आहे, त्यावरून हा शब्द आला. हिब्रू भाषेतील मूळ शब्दाचा अर्थ मेंढ्याचे शिंग, म्हणजेच रणशिंग. त्या वर्षी सगळ्या देशात ते शिंग फुंकावयाचे असे. त्याचा नाद ऐकण्यास कोणास काही द्यावे लागत नसे. आणि तो नाद कानी पडला की दारिद्र्यामुळे दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्याने बंधनमुक्त होऊन आपल्या कुळात, आपल्या वतनावर परत जावे, अशी आज्ञा होती. म्हणजे ज्युबिलीचा आरंभच मोकळ्या आकाशाखाली, सर्वांसाठी वाजविलेल्या वाद्याने होतो, आणि त्या वाद्याचा अर्थ बांधलेल्यास सोडविणे हा आहे. येत्या पाडव्यास नारायणगावी राहुट्या लागतील, आमच्या गावांचे पंच तिकडे जातील, आणि काही आठवड्यांनी आमच्या शिवारावर पुन्हा ढोलकीचा आवाज येईल. तो ऐकताना वाजविणाराच्या डोक्यावर किती उचल आहे, एवढे तरी आम्हांपैकी प्रत्येकाने मनात मोजून पाहावे.